उभा रकाना

हिशेबनीस निवृत्त झाला की त्याच्या हातात कुणी तरी वही द्यावीच लागते. मला ती खोपोलीत पुतण्याच्या फुटबॉल-प्रशिक्षकांनी दिली. दर रविवारी कर्जतहून खोपोली लोकल पकडायची, मैदानाच्या कडेला बसायचं आणि कोण किती वेळा पळालं त्याच्या रेघा मारायच्या. जोडीला बांबूला सुतळीने बांधलेला मोबाईल चित्रण करी. "काका, हे डेटा अ‍ॅनालिसिस," प्रशिक्षक म्हणाले. आमच्या कचेरीत याला हजेरीपट म्हणत.

थट्टा सोडा. कतारच्या २०२२ च्या विश्वचषकात स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू ते सेकंदाला ५० वेळा टिपत. (माझ्याकडे इतकं लक्ष लग्नातही कुणी दिलं नव्हतं.) सौदी अरेबियाविरुद्ध अर्जेंटिनाच्या लाउतारो मार्टिनेझचा गोल याच यंत्रणेने ऑफसाइड ठरवला. खेळाडू कुठे आहे, हे यंत्र चोख सांगतं. तो तिथे का आहे, हे मात्र आपणच बघायचं.

आता चार्ल्स रीप पाहा. इंग्लंडच्या हवाई दलातले हिशेबनीस, म्हणजे आमच्यातलेच. १८ मार्च १९५० रोजी स्विंडनच्या सामन्यात त्यांनी पेन्सिल काढली, ती पुढे कित्येक वर्षं खाली ठेवली नाही. बहुतेक गोल तीन किंवा त्याहून कमी पासांतून होतात, असं त्यांना दिसलं. तेव्हा चेंडू लांब हाणा, हा निष्कर्ष! आकडे खरे होते. पण मुळात बहुतेक चाली तेवढ्या पासांतच आटपतात, त्याचं काय? कर्जतला उतरणारे बहुतेक लोकलचे, म्हणून वडे खाणारेही बहुतेक तेच. यावरून लोकलवाल्यांना वडा जास्त आवडतो म्हणायचं का?

रीपसाहेबांना हसलो खरा, पण मीही तेच केलं. वहीत सगळ्यात कमी रेघा पुतण्याच्या. प्रशिक्षकांनी त्याला संघातून वगळलं. पोरगं त्या रात्री जेवलं नाही आणि वहिनींनी मला चहा विचारला नाही.

मग आम्ही चित्रण पुन्हा लावलं. या वेळी चेंडू सोडून फक्त त्याच्याकडे पाहिलं. तो उभा होता हे खरं. पण समोरचे दोन बचावपटू त्याला चिकटून उभे होते, आणि त्यांनी सोडलेल्या जागेतून दुसऱ्याने गोल मारला होता. माझ्या वहीत उभं राहण्याला रकानाच नव्हता.

तेव्हा यंत्रावर माझा राग नाही. त्या मोबाईलनेच पोराची जागा वाचवली. तक्रार आहे ती आकडा हाती लागला की डोळे मिटणाऱ्या आम्हा वहीवाल्यांबद्दल.

पुतण्या संघात परत आला. वहीत मी 'उभा' असा नवा रकाना आखला.

पुढच्या रविवारी तो पूर्वार्धभर जागचा हलला नाही. मध्यंतरात धावत माझ्यापाशी आला.

"काका, किती रेघा झाल्या?"