कोरलेला डोंगर आणि कर्त्याची मुद्रा

जपानी ठसाचित्रांतील पर्वतांविषयी बोलताना निसर्गजाणिवेचा निर्देश पुरेसा मानला जातो. वस्तुतः लाकडी ठशाच्या चित्रातला पर्वत आधी कोरला जातो आणि मगच तो दिसतो. म्हणून त्याच्यासंबंधीचा पहिला प्रश्न कर्तृत्वाचा आहे.

होकुसाईच्या ‘फुजीची छत्तीस दृश्ये’ (प्रत्यक्षात चित्रे ४६) या मालिकेमागे चित्रकार, कोरणारा, छापणारा आणि प्रकाशक अशी चौघांची व्यवस्था होती. कीर्ती मात्र चित्रकाराची झाली. विसाव्या शतकात हिरोशी योशिदा (१८७६–१९५०) यांनी ही विभागणी नाकारली. कारागिरांना स्वतःच्या देखरेखीखाली घेऊन त्यांनी समासात ‘जिझुरी’, म्हणजे स्वमुद्रित, अशी मुद्रा उमटवली. भारतप्रवासानंतर १९३१–३२ मध्ये सिद्ध झालेल्या त्यांच्या चित्रांत कांचनजंगा आहे, तसेच अजिंठा आणि वेरूळही.

हा योग अर्थपूर्ण आहे. रेषा राखण्यासाठी भोवतीचे लाकूड काढून टाकणारी कला येथे अशा डोंगरापाशी येते, की जेथे नको तो दगड काढूनच वास्तू सिद्ध झाली. ठशात उरते ते रंग घेते. वेरुळात उरले ते कैलास झाले. मराठीतील ‘लेणे’ हा शब्द अंगावर घातलेल्या दागिन्यालाही लागतो आणि कोरून काढलेल्या गुहेलाही.

कर्कराजाच्या इ. स. ८१२ च्या बडोदे ताम्रपटात एका मंदिराचे वर्णन येते. ते सामान्यतः कैलासाचेच मानले जाते. हे आपल्या हातून कसे घडले, याचा विस्मय खुद्द शिल्पीलाच वाटला, असा त्याचा आशय. योशिदांची मुद्रा अनेक हात एका ‘स्व’मध्ये सामावते, येथे कर्ताच कर्तृत्वापुढे थबकतो. परंतु या विस्मयाचा गौरव करणे पुरेसे नाही. ताम्रपटात राजाचे नाव आहे, शिल्पीचे नाही. मुद्रेने हात झाकले जातात, तसेच विस्मयानेही.

तथापि योशिदांचा दावा पोकळ नव्हे. १९२६ च्या नौकाचित्रांत त्यांनी त्याच ठशांतून सकाळ, दुपार, धुके, रात्र असे निरनिराळे प्रहर रंगभेदाने उभे केले. त्यामागील दृष्टी निश्चितच एकसंध आहे. मात्र दृष्टीची एकता म्हणजे कर्तृत्वाची एकता नव्हे. कलाकृतीच्या पृथगात्मतेची चर्चा करताना आपली समीक्षा या दोहोंत गल्लत करते. जात्यावरची ओवी किंवा लिपिकारांच्या हातून आलेली महानुभावीय पोथी वाचताना हा भेद टाळता येत नाही. स्वाक्षरी असलेल्या संहितेलाही तो लावून पाहावयास हवा.