धूसर रेखणाऱ्या काचा

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात, पाऊस सरल्यावर, कान्हेरीच्या रस्त्यावर सकाळचे ऊन पानांच्या फटींतून तुकड्यातुकड्यांनी खाली येते. तिथे एखाद्याला दीड-दोन मीटरवर उभे करावे, त्याच्यामागे सात-आठ मीटरवर झाडी येईल असे पाहावे आणि हेलिऑस ४४-२ ही जुनी सोव्हिएत लेन्स एफ २ वर, म्हणजे पूर्ण उघडी ठेवून फोटो घ्यावा. चेहरा मधोमध स्थिर राहतो आणि त्याच्याभोवतीची सगळी पालवी गोल फिरू लागते. पाहणारा म्हणतो, मागचे छान धूसर झाले आहे. मला तेवढ्यावर थांबवत नाही. फोटोवाले ज्याला बोके म्हणतात तो धूसरपणा म्हणजे फोकसबाहेर पडलेला उरलासुरला भाग नव्हे. लेन्सने तो रेखलेला असतो, आणि प्रत्येक लेन्सचा हात वेगळा असतो. तो हात ओळखता आला की जुनी मॅन्युअल लेन्स निवडताना चूक होत नाही.

आधी ते फिरणे नीट पाहू. पानांमधून डोकावणाऱ्या आकाशाचा प्रत्येक ठिपका फोटोत एक चकती होतो. मध्याजवळ ही चकती पूर्ण गोल असते. कडेकडे जावे तशी ती दबते, दोन्ही टोकांना निमुळती होते, कारण तिरपे येणारे किरण लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या कड्यांवर अडतात. खरी नजाकत पुढे आहे. प्रत्येक निमुळती चकती फोटोच्या मध्यातून निघणाऱ्या रेषेला आडवी पडते. अशा शेकडो आडव्या चकत्या शेजारी शेजारी आल्या की डोळा त्यांना जोडून वर्तुळे बनवतो. प्रत्यक्षात एकही पान हललेले नसते! मधला भाग मात्र शांतच असतो. म्हणून चेहरा मध्यात ठेवला तर तो त्या फिरण्याचा आस होतो. जरा बाजूला सरकवला तर तेच फिरणे त्याला ओढत असल्याचा भास होतो. हे सगळे कडांवर अवलंबून आहे, त्यामुळे फुल फ्रेम सेन्सर हवा. लहान सेन्सर नेमक्या त्या कडाच कापून टाकतो.

आता हेलिऑसच्या अ‍ॅपर्चरच्या दोन कड्या पाहा. एक कडी टकटक आवाज करत हवा तो आकडा बांधून देते. दुसरी कडी पूर्ण उघड्यापासून त्या आकड्यापर्यंत कुठेही न अडखळता सरकते. फिल्मच्या काळात ही सोय उजेडात फोकस करून मग अ‍ॅपर्चर बंद करण्यासाठी होती. आज तिचा वेगळाच आनंद आहे. एफ २ पासून २.८ पर्यंत कडी हळूहळू फिरवत न्यावी, तसे कडांवरचे किरण अडणे कमी होते, चकत्या पुन्हा गोलाईकडे वळतात आणि फिरणे निवत जाते. किती फिरवायचे हे बोटाने ठरवता येते. एफ ४ च्या पुढे अ‍ॅपर्चरच्या आठ पात्यांचे कोन चकतीत उमटू लागतात आणि जादू संपते. व्हिडिओ करणाऱ्यांना ही बिनआवाजाची कडी विशेष भावते. ‘ड्यून : पार्ट टू’साठी छायाचित्रकार ग्रेग फ्रेझर यांनी नव्या आवरणात बसवलेल्या जुन्या सोव्हिएत लेन्स वापरल्या हे कळल्यावर अंधेरीच्या तरुण कॅमेरामनांनीही या कुळाकडे नव्याने पाहायला हरकत नाही.

या लेन्सचे मूळ जर्मन आहे. झाइस कंपनीच्या विली मेर्टे यांनी बियोटार ही रचना केली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिचा आराखडा सोव्हिएत हाती गेला आणि मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात तिची हेलिऑस झाली. सहा काचा, चार गट, ५८ मिमी. आपल्याकडे ती आली झेनिट कॅमेऱ्याबरोबर, भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यातला व्यापार रुपयांत चालत असे त्या काळात. म्हणून मुलुंड-घाटकोपरच्या जुन्या घरांत, माळ्यावरच्या ट्रंकेत, चामडी पाकिटातला झेनिट अजून निघतो. लेन्सवरच्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे बहुधा तिचे जन्मवर्ष सांगतात : ७८ ने सुरू होणारा क्रमांक म्हणजे १९७८. घरात असा कॅमेरा असेल तर तो भंगारात जाऊ देऊ नका. त्याच्या तोंडावरची काच आजच्या कॅमेऱ्यावर साध्या अ‍ॅडॅप्टरने बसते. मिररलेस कॅमेऱ्यात लेन्स आणि सेन्सर यांच्यात जागा सोडायला पुरेसा वाव असतो, त्यामुळे दूरवरचा फोकसही मिळतो; निकॉनच्या जुन्या डीएसएलआरवर मात्र काच नसलेल्या अ‍ॅडॅप्टरने तो मिळत नाही.

धूसरपणाचे आकारमान हा वेगळा विषय, आणि त्यामागचा हिशेब फार सुंदर आहे. लेन्सची फोकल लेंथ भागिले एफचा आकडा, एवढे केले की तिच्या उघड्या तोंडाची रुंदी मिळते. हेलिऑसची २९ मिमी. फोकस चेहऱ्यावर असताना, खूप दूरवरच्या दिव्याची चकती त्या चेहऱ्याच्या मापाने बरोबर तेवढीच पडते. माणूस जवळ असो वा दूर, यात फरक होत नाही. माणसाचा डोळा साधारण ३ सेंटीमीटर रुंद असतो. म्हणजे पवई तलावाच्या काठावर संध्याकाळी कुणाचा फोटो हेलिऑसने काढला, तर पलीकडच्या इमारतीतली प्रत्येक उजळलेली खिडकी त्याच्या डोळ्याएवढी गोल होऊन उभी राहते. चेहरा आणि दिवे यांच्यात जे प्रमाण जाणवते, पण का जाणवते ते सांगता येत नाही, ते इथून येते.

ज्युपिटर-९ घेतली की हेच माप ४२ मिमीच्या वर जाते. ८५ मिमी, एफ २. लुडविग बेर्टेले यांच्या सोनार रचनेचा सोव्हिएत अवतार. तोंडावर लाल रंगात रशियन ‘प’ असेल तर काचेवर कोटिंग आहे असे समजावे. तिची खरी परीक्षा घाटकोपर-असल्फाच्या बाजूला होते. मेट्रो तिथून उंचावरून जाते आणि टेकडीवरची घरे एकावर एक चढत गेलेली दिसतात. दिवेलागणीला त्या घरांत पिवळे, पांढरे, निळसर असे सगळ्या जातींचे उजेड एकदम लागतात. हेलिऑस त्यांना सुटे सुटे मांडते. ज्युपिटर त्यांच्या चकत्या मोठ्या करते, त्या एकमेकींवर चढतात, आणि त्यांच्या कडा इतक्या मऊ असतात की एक कुठे संपली आणि दुसरी कुठे सुरू झाली ते कळत नाही. पाती पंधरा आहेत, त्यामुळे एफ ४ वरही गोलाई मोडत नाही. एफ २ वर चेहऱ्याच्या उजळ कडांना किंचित आभा येते. कुणी त्याला दोष म्हणेल. मला ती त्या मऊ पार्श्वभूमीकडे नेणारी पायरी वाटते. चेहरा मागच्या दृश्यातून कापून चिकटवल्यासारखा दिसत नाही, तो त्यातूनच पुढे आलेला दिसतो.

याच्या अगदी उलट स्वभाव मायर-ग्योर्लिट्झच्या ट्रायोप्लान १०० मिमी, एफ २.८ चा. अवघ्या तीन काचा. तिची चकती आतून फिकी आणि कडेला तेजस्वी असते, कारण कडेकडून जाणारे किरण गरजेपेक्षा जास्त दुरुस्त केलेले आहेत आणि मागच्या बाजूला ते चकतीच्या परिघावर गोळा होतात. ऑक्टोबरात पहाटे आरेच्या गवतावर दव असते. त्यातल्या एका पात्यावर फोकस केला की मागचा प्रत्येक थेंब साबणाचा फुगा होतो. एकमेकांत शिरलेल्या फुग्यांच्या कडा आरपार दिसतात, हे पाहण्यासारखे आहे. ट्रायोप्लान आता महाग झाली आहे, पण स्लाइड प्रोजेक्टरची पेंटाकॉन ८० मिमी, एफ २.८ ही लेन्सही तीनच काचांची आणि असेच फुगे काढणारी. तिला अ‍ॅपर्चर नसते आणि फोकसची सोय बाहेरून करावी लागते. ज्याला हात चालवायला आवडतो त्याने ती जरूर शोधावी. मात्र या फुग्यांमागे बांबू येऊ देऊ नये. उजळ कडांच्या लेन्स प्रत्येक काठीच्या दोन काठ्या करतात आणि मागे जाळी उभी राहते.

सुपर टाकुमार ५० मिमी, एफ १.४ चा उल्लेख एवढ्यासाठीच की तिच्या सात काचांच्या आवृत्तीत थोरियम आहे आणि वर्षांनुवर्षे काच पिवळी पडते. काही दिवस उन्हात ठेवली तर ती निवळते. निकॉरची १०५ मिमी, एफ २.५ म्हणजे सभ्यपणाचा नमुना. स्टीव्ह मॅकरी यांनी १९८४ मध्ये टिपलेल्या अफगाण मुलीच्या फोटोत मागची हिरवी पार्श्वभूमी कसलाही आग्रह धरत नाही, ते या लेन्सचेही काम आहे.

नव्या लेन्सच्या चकत्यांत कधी कधी एकात एक बारीक वलये दिसतात; साच्यातून काढलेल्या अगोलीय काचेच्या त्या खुणा. या जुन्या लेन्सच्या गोलाकार घासलेल्या काचांत त्या नसतात, चकती आतून स्वच्छ असते. आणि म्हणूनच विकत घेताना तीच चकती तपासावी. दुकानातून रस्त्यावरचा दूरचा दिवा मुद्दाम फोकसबाहेर ठेवून टिपावा. ती चकती म्हणजे लेन्सची जन्मपत्रिका. धूळ असेल तर ठिपके, चरे असतील तर रेघा, बुरशी असेल तर तंतू. तोच दिवा डाव्या आणि उजव्या कोपऱ्यात नेऊन पाहावा. दोन्हीकडच्या चकत्या एकमेकींच्या प्रतिबिंबासारख्या नसतील तर आतली काच सरकलेली आहे. हेलिऑसच्या पात्यांवर तेल दिसले तर घाबरू नये, ती पाती स्प्रिंगने मिटत नाहीत, हाताने मिटतात. बुरशीला मात्र सूट नाही. आपल्या चार महिन्यांच्या दमट हवेत ती वाढत जाते आणि कोटिंग खाते. घरी सिलिका जेल घातलेला हवाबंद डबा हवाच.

अंधेरीपासून मुलुंडपर्यंतच्या पट्ट्यासाठी एकच लेन्स निवडायची तर मी ज्युपिटर-९ निवडेन. इथे मागे मोकळी झाडी क्वचित मिळते, माणसांमागे माणसेच असतात, आणि त्या गर्दीला इतक्या अदबीने मागे सारणारी दुसरी लेन्स मला ठाऊक नाही.