जाहिराती किती आणि कुठे? जव्हार-मोखाड्याच्या मोबाइलवरून एक समीक्षा



आपल्याकडे पुस्तकाची समीक्षा होते, नाटकाची होते, सिनेमाची तर दर शुक्रवारी होते. वेबसाइटच्या पानाची समीक्षा मात्र सहसा कुणी करत नाही. मजकुराबद्दल आपण बोलतो, शुद्धलेखनाबद्दल भांडतो. पण त्या मजकुरापर्यंत पोचायला वाचकाला काय दिव्य करावं लागतं, हे तसंच राहून जातं. म्हणून आज आम्ही पानाबद्दलच बोलणार आहोत. पानावर जाहिराती किती असाव्यात आणि कुठे असाव्यात? आणि हे आम्ही मुंबईतल्या वायफायवरून नाही, जव्हार आणि मोखाड्यातल्या मोबाइलवरून बघणार आहोत.

मोखाडा तालुक्यातला एखादा पाडा घ्या. रेंज घरात येत नाही, टेकाडावर एका ठरावीक जागी येते. पोरं तिथे जाऊन उभी राहतात. भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख बघायची आहे. माहिती देणारी एक खाजगी साइट उघडली, तर आधी पडदाभर जाहिरात. तिची फुली इतकी बारीक की बोट फुलीवर न पडता जाहिरातीवरच पडतं. तिथून परत यायचं. मग दोन ओळी मजकूर, एक जाहिरात. पुन्हा दोन ओळी, पुन्हा जाहिरात. शेवटी एक मोठं हिरवं बटण दिसतं, 'डाउनलोड करा'. ते असतं जाहिरातीचं. खरी लिंक त्याच्या खाली, बारीक अक्षरात. पोरगा हिरवं बटण दाबतो, भलतंच अॅप उतरतं आणि दिवसाचा डेटा संपतो. तारीख काही कळत नाही. साइटचं नाव आम्ही घेत नाही, कारण हा एका साइटचा दोष नाही. ही रीतच पडून गेली आहे.

आता हा डेटा कुठून आला? पावसाळा सरला की इथली कितीतरी कुटुंबं भिवंडी, वसई, कल्याणकडे वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जातात. रिचार्ज त्या मजुरीतून होतो. 'जाहिराती आहेत म्हणून तुम्हाला फुकट वाचायला मिळतं,' असं आपल्याला सांगतात. मोखाड्यात ते अर्धंच खरं आहे. इथला वाचक जाहिरात उतरवून घ्यायचे पैसे स्वतःच्या खिशातून देतो.

आणि इथेच 'किती' या प्रश्नाची पहिली गफलत कळते. २०२० मध्ये गूगलच्या क्रोम ब्राउझरनं फार जड जाहिराती आपणहून काढून टाकायचं ठरवलं. एका जाहिरातीनं ४ एमबीपेक्षा जास्त डेटा ओढला, तर ती काढायची. तेव्हा त्यांनीच एक हिशेब दिला होता. अशा जड जाहिराती हजारात जेमतेम तीन, पण जाहिरातींवर जाणाऱ्या एकूण डेटापैकी २७ टक्के डेटा त्याच खात होत्या. म्हणजे बघा, पानावर एकच जाहिरात ठेवून 'आम्ही किती संयमी' असं म्हणता येईल, आणि ती एकच जाहिरात दहा साध्या चित्रांना भारी पडेल. जाहिरातींची संख्या मोजायला सोपी असते, म्हणून सगळे तीच मोजतात.

दुसरी बाजूही ऐकू. जव्हार-मोखाड्याच्या बातम्या देणारा स्थानिक माणूस डोळ्यांसमोर आणा. मोठ्या दैनिकांना हा भाग आठवतो तो कुपोषणाच्या बातमीला, नाहीतर पावसाळ्यात दाभोशाच्या धबधब्याला. मधले सगळे महिने, म्हणजे रस्ता, टँकर, आश्रमशाळा, ग्रामसभा, हे हाच माणूस लिहितो. त्यालाही पेट्रोल लागतं. साइटवर जाहिराती पुरवणाऱ्या कंपन्या बहुतेक करून किती जणांनी पाहिलं आणि किती जणांनी दाबलं, त्यावर पैसे देतात. दोन डोंगरी तालुक्यांत वाचक असणार किती? मग तो जागा वाढवतो. जागा वाढल्या की पान जड होतं. पान जड झालं की टेकाडावरचा वाचक ते उघडायचं सोडतो. वाचक घटले म्हणून तो आणखी जागा वाढवतो. तेव्हा आम्ही त्याला लोभी म्हणणार नाही. तो घाण्याला जुंपला गेला आहे.

मग नियम काय सांगतात? टीव्हीला मर्यादा घालून दिलेली आहे, तासाला १२ मिनिटं. ती कितपत पाळली जाते हे सोडा, पण आकडा आहे. वेबसाइटला असा सरकारी आकडा नाही. गूगल अॅडसेन्सची पूर्वी एका पानावर तीन जाहिरातींची मर्यादा होती, ती २०१६ मध्ये उठली. २०१७ मध्ये 'कोअॅलिशन फॉर बेटर अॅड्स' या गटानं मोबाइलसाठी मापं सांगितली. मजकुराच्या उंचीत जाहिरातींची उंची ३० टक्क्यांपेक्षा जास्त नको. म्हणजे मजकूर आणि त्यातल्या जाहिराती मिळून लांबी दहा वीत असेल, तर जाहिराती तीन वितींच्या आत.

हे माप चांगलं आहे. आमचा आक्षेप असा, की एवढ्यानं भागत नाही.

एक तर, तीन वीत कुठल्या? सगळ्या सुरुवातीलाच ठेवल्या तरी हिशेब बरोबर येतो, पण पहिल्या पडद्यावर वाचकाला मथळ्याशिवाय काही दिसत नाही. रेंज तुटायच्या आत त्याला जे मिळतं तेच त्याचं पान. उरलेलं पान त्याच्यासाठी नसतंच.

दुसरं, पानाचं हलणं. छापील पेपरात जाहिरात मोठी असेल, अगदी पहिलं पान खाणारी असेल, पण ती जागा सोडत नाही. मोबाइलवर मजकूर आधी येतो, जाहिरात मागून. ती आली की ओळी खाली ढकलल्या जातात आणि बोट भलत्या जागी पडतं. नेट जितकं हळू, तितकी ही फसगत जास्त. गूगलनं २०२० मध्ये पानाच्या या हलण्याचंही माप दिलं, ०.१ किंवा त्याहून कमी असेल तर चांगलं. उपायही अवघड नाही. जाहिरात यायच्या आधीच तिच्या मापाची रिकामी जागा राखून ठेवायची.

तिसरं, ते हिरवं बटण. त्याला आम्ही जाहिरातच म्हणणार नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ऑनलाइन फसवणुकीचे १३ प्रकार नावानिशी सांगितले. मजकुराचं सोंग घेतलेली जाहिरात हा त्यांतलाच एक. तिथे तोल साधायचा प्रश्नच येत नाही. असं बटण पानावर एकही नको.

मग जाहिरात कुठे ठेवायची? वारली घरातला लग्नाचा चौक तुम्ही पाहिला असेल. तांदळाच्या पिठानं काढलेला, आत पालघाट देवी. चौकाबाहेर झाडं, जनावरं, नाचणारी माणसं, भरपूर गर्दी. ती गर्दी चौकाच्या रेघा मोडून देवीवर चढत नाही. पानाचंही तसंच करता येतं. वाचक ज्या कामासाठी आला, ती तारीख, ती बातमी, तो अर्ज, हा चौक. जाहिराती त्याच्या भोवती आणि खाली, आणि 'जाहिरात' असं स्पष्ट लिहून.

आणि जाहिरात कुणाची, हेही बघावं. भाताचं बियाणं, मोगऱ्याची रोपं, मंडप-डेकोरेशन, टायपिंगचा क्लास, या जाहिराती इथल्या वाचकाला कामाच्या आहेत. एक साधं हलकं चित्र, महिन्याचा ठरलेला दर. वाचक किती यावर ती अडत नाही, म्हणून घाणा थोडा सैल होतो. पण यातही मेख आहे. गावात मोठी जाहिरात देणारा बहुतेकदा पुढारी असतो, नाहीतर कंत्राटदार. वाढदिवसाच्या शुभेच्छा त्याच्या, आणि खड्डे पडलेला रस्ताही त्याचाच. दूरच्या कंपनीची जाहिरात डेटा खाते, जवळच्या माणसाची जाहिरात बातमी खाऊ शकते. यावर आमच्याकडे तयार तोडगा नाही. इतकंच म्हणतो, की दर सगळ्यांना एक असावा आणि तो पानावर लिहिलेला असावा. म्हणजे कुणी किती दिले असतील, याचा अंदाज वाचकालाही येईल.

शेवटी साइट चालवणाऱ्यांना एकच विनंती. महागडा फोन खिशात ठेवा. घरातला सगळ्यात जुना फोन घ्या, त्या टेकाडावर जा आणि आपलंच पान उघडा. अर्जाची तारीख सापडेपर्यंत किती वेळ गेला, किती डेटा गेला, बोट किती वेळा चुकलं, ते मोजा. जाहिराती किती हव्यात हे मग आम्हाला विचारावं लागणार नाही.