व्यास एक, उत्तरे अनेक : सहनिर्देशक मापनातील विसंगतीचे परीक्षण

एकाच छिद्राचा व्यास सहनिर्देशक मापनयंत्रावर, म्हणजे कारखान्यांतून ज्यास ‘सीएमएम’ म्हणतात त्या यंत्रावर, तीनदा मोजावा आणि तीन निरनिराळी उत्तरे यावीत, हा अनुभव मापनशास्त्राच्या अभ्यासकास नवा नाही. अशा वेळी संशय यंत्रावर घेतला जातो, नाहीतर ते चालविणाऱ्यावर. आणि अखेरीस तिन्ही उत्तरांची सरासरी अहवालात नोंदवून विषय मिटविला जातो. ही रूढ रीत शास्त्रदृष्ट्या कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

वस्तुतः हे यंत्र व्यास मोजतच नाही. ते पृष्ठभागावरील काही बिंदूंचे सहनिर्देशक तेवढे टिपते. त्या बिंदूंना अनुसरून वर्तुळ बसविण्याचे काम गणिताचे असते. व्यास हे येथे निरीक्षण नसून अनुमान होय. बिंदू किती घेतले, कोठे घेतले आणि वर्तुळ कोणत्या कसोटीने बसविले, ह्या तीन गोष्टींवर ते अवलंबून राहते.

एक उदाहरण घेऊ. पातळ कडे तीन जबड्यांच्या चकमध्ये आवळून आतून कातले आणि मग सोडले, तर छिद्राचा आकार किंचित त्रिदली होतो. सरासरी त्रिज्येपासून हे विचलन ५ मायक्रॉन आहे असे मानू. आता समान अंतरावरील तीनच बिंदू घेतले आणि ते तिन्ही दलांच्या शिखरांवर पडले, तर व्यास १० मायक्रॉनांनी मोठा येईल. तेच दलांच्या मधोमध पडले, तर तितकाच लहान येईल. यंत्र सर्वथा निर्दोष असूनही उत्तरांत २० मायक्रॉनांचे अंतर पडले! ‘मग चार बिंदू घ्यावे’ हा नेहमीचा सल्लाही अपुराच आहे. समान अंतरावरील चार बिंदूंना न्यूनतम वर्ग पद्धतीने वर्तुळ बसविल्यास व्यास जवळजवळ बरोबर येतो खरा, परंतु केंद्र ५ मायक्रॉन सरकते. दोष गेला नाही. त्याने केवळ जागा बदलली.

ह्याच छिद्रास समोरासमोरच्या दोन बिंदूंवर टेकणारा मायक्रोमीटर लावला, तर तो सर्व दिशांनी एकच माप दाखवितो. कारण एका बाजूचे शिखर समोरच्या बाजूच्या दबलेल्या भागाने भरून निघते. ‘मायक्रोमीटर स्थिर आहे, म्हणून सीएमएम सदोष’ हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. मायक्रोमीटरची ती एकवाक्यता अचूकतेची खूण नसून त्रिदली दोष न दिसण्याचा परिणाम होय.

याचा अर्थ यंत्रात दोष नसतातच असा नव्हे. १९७२ साली डेव्हिड मॅकमर्ट्री ह्यांनी स्पर्शसंवेदी प्रोब शोधून काढला. त्या धर्तीच्या प्रोबमध्ये स्टायलस तीन आधारांवर टेकलेला असतो. म्हणून संकेत उमटण्यास लागणारा जोर दिशेनुसार बदलतो आणि प्रोबची चूकही त्रिदलीच होते. स्टायलस जितका लांब, तितकी ती वाढते. स्टायलसच्या टोकावरील गोलाचा परिणामी व्यास चुकीचा धरला गेला, तर छिद्र जेवढे मोठे दिसते तेवढाच दांडा लहान दिसतो. याउलट तापमानाची चूक दोहोंना एकाच दिशेने सरकविते आणि मापाच्या प्रमाणात वाढते. मापनाचे प्रमाण तापमान २० अंश सेल्सिअस आहे. १०० मिलिमीटर व्यासाची ॲल्युमिनियमची वस्तू ३० अंशांवर सुमारे २३ मायक्रॉन फुगते. तेव्हा एक रिंग गेज आणि एक प्लग गेज लागोपाठ मोजून पाहिल्यास ही दोन कारणे परस्परांपासून वेगळी करता येतात. इतकी सोपी परीक्षा न करता सरासरीकडे धावणे हे आळसाचे लक्षण म्हटले पाहिजे. सरासरी यादृच्छिक चुकांवर उपाय आहे. निराळ्या प्रश्नांच्या उत्तरांची सरासरी कोणत्याच प्रश्नाचे उत्तर होत नाही.

मुळात प्रश्नच अनेकदा अपुरा विचारलेला असतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ १४४०५-१ ह्या मानकानुसार, ड्रॉइंगवर अन्य निर्देश नसेल तर आकारमान म्हणजे दोन बिंदूंमधील माप. आपल्या प्रयोगशाळांतून मात्र न्यूनतम वर्ग वर्तुळाचा व्यास सर्रास दिला जातो. छिद्रात दांडा शिरेल की नाही हे जाणावयाचे असेल, तर आत मावणारे सर्वांत मोठे वर्तुळच उपयोगी. पण तेथे धुळीचा एक कणही निकाल फिरवू शकतो. कोणतीही कसोटी सर्वकाळ श्रेष्ठ नाही. प्रयोजन ठरविल्यावाचून कसोटी निवडणे, हाच खरा प्रमाद.

प्रबंधातून व अहवालांतून मिलिमीटरच्या तिसऱ्या दशांश स्थळापर्यंत व्यास दिलेले आढळतात, परंतु बिंदूंची संख्या, त्यांच्या जागा, कसोटी, तापमान आणि स्टायलसची लांबी ह्यांचा उल्लेख नसतो. असा आकडा दुसऱ्या कोणास पडताळून पाहता येत नाही. त्याच आकड्यावरून चांगली वस्तू भंगारात जाते, सदोष वस्तू जुळणीस जाते आणि ठपका कारागिरावर येतो. विसंगत आकडे ही लपविण्याची गोष्ट नव्हे. वस्तूच्या आकाराविषयी ते काही सांगत असतात. ते ऐकून घेणे हे संशोधकाचे पहिले कर्तव्य होय.