पाठ्यपुस्तकातली मोटर आणि पापाकुऱ्याची लोकल

परदेशात मुलांना विज्ञान मराठीतून समजावायचं म्हटलं, की आपल्यापैकी अनेकांना पहिली आठवण येते ती बालभारतीची. पुस्तकं संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेता येतात आणि त्यांच्या आधीच्या आवृत्त्यांवरच आपण वाढलेले असतो. म्हणून दहावीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग १’ मधल्या ‘विद्युतधारेचे परिणाम’ या पाठाबद्दल जरा बारकाईनं बोलायला हवं. पाठ चांगला आहे. पण त्यातली मोटर अर्धीच सांगितली आहे.

आधी चांगलं काय ते सांगतो. पाठाची चढण योग्य आहे. तारेतून धारा गेली की उष्णता निर्माण होते, तिथून सुरुवात. मग १८२० साली ओर्स्टेडला दिसलेली गोष्ट, म्हणजे धारा वाहणाऱ्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते. मग चुंबकाजवळच्या तारेवर बल येतं, त्यातून मोटर. शेवटी १८३१ चा फॅरडे आणि जनित्र. पाठाची भाषाही जमलेली आहे. ‘नालकुंतल’ हा शब्द घ्या. नाल म्हणजे पोकळ नळी, कुंतल म्हणजे कुरळे केस. नळीभोवती गुंडाळलेल्या तारेचं चित्र त्या शब्दातच आहे. नववीच्या पुस्तकातलं ‘विभवांतर’ही तसंच. धारा वाहते ती दोन ठिकाणांमधल्या फरकामुळे, हे त्यातल्या ‘अंतर’नं आधीच सांगून टाकलेलं असतं, ‘व्होल्टेज’ या शब्दातून नुसतं एकक कळतं. इथल्या शाळेत शिकणाऱ्या मुलाला हे शब्द जरूर सांगा. ते ओझं नाहीत, मदत आहेत.

आता तक्रार. पाठातली मोटर अशी आहे: चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये तारेची चौकट, चौकटीच्या टोकांना दुभंगलेलं कडं, कड्याला टेकलेले कार्बनचे ब्रश. आणि ही मोटर कुठे वापरतात? तर पंखा, मिक्सर, धुलाई यंत्र, पंप, फ्रिज. ही यादी वाचून स्वयंपाकघरात जा. मिक्सर पुस्तकाला जागतो. त्यात कायम चुंबकाऐवजी गुंडाळी असते, पण ब्रश असतात, ठिणग्या उडतात, ब्रश झिजले की बदलावे लागतात. भारतातून आणलेला मिक्सर न्यूझीलंडमध्ये प्लग बदलला की मुकाट चालतो, कारण दोन्हीकडे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. अमेरिकेतल्या वाचकांना हे सुख नाही.

छताचा पंखा मात्र पुस्तकाला जुमानत नाही. आपल्या नेहमीच्या पंख्यात ब्रश नाहीत, दुभंगलेलं कडं नाही, चुंबकही नाही. कॅपॅसिटर कमजोर झाला की पंखा नुसता गुणगुणत उभा राहतो आणि काठीनं ढकलला की फिरू लागतो, ज्या बाजूला ढकलाल त्या बाजूला. पाठातल्या मोटरवरून याचं उत्तर मिळत नाही. खरं उत्तर असं, की कॅपॅसिटरमुळे दोन गुंडाळ्यांतल्या धारा पुढेमागे होतात, त्यातून फिरतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि ते आतल्या धातूत धारा प्रवर्तित करून त्याला आपल्यामागे ओढत नेतं. म्हणजे पंख्याची मोटर फॅरडेच्या प्रवर्तनावर चालते आणि प्रवर्तन पुस्तकात येतं मोटरनंतर, जनित्राच्या तयारीसाठी.

माझ्या मते पाठाची खरी चूक इथे आहे. मोटर एका परिच्छेदात, जनित्र दुसऱ्या. मोटरला फ्लेमिंगचा डावा हात, जनित्राला उजवा. मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री कुठला हात कशाला ते घोकतात, आणि दोन वेगळी यंत्रं आहेत असं मनात ठसतं. पण चुंबकीय क्षेत्रात फिरणाऱ्या गुंडाळीला तिला कोण फिरवतंय याच्याशी देणंघेणं नसतं. ती फिरली की तिच्यात विभवांतर निर्माण होणारच. चालू मोटर ही त्याच वेळी जनित्रही असते, आणि तिचं विभवांतर बाहेरून आलेल्या विजेला विरोध करतं.

एक साधा हिशेब करून पाहा. समजा १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर आहे आणि गुंडाळीचा रोध २ ओहम. ओहमच्या नियमानं धारा ६ अँपिअर यायला हवी. ती येते, पण मोटर अडकलेली असेल तरच. मोटर वेगात फिरत असेल आणि उलटं विभवांतर ११ व्होल्ट असेल, तर उरतो १ व्होल्ट आणि धारा अर्धा अँपिअर. गुंडाळीतली उष्णता एकीकडे ७२ वॅट, दुसरीकडे अर्धा वॅट. १४४ पट फरक! घट्ट चटणीत पातं अडकलं की मिक्सर का जळतो, याचं उत्तर याच तत्त्वात आहे.

हे तत्त्व डोळ्यांनी पाहायचं तर पापाकुरा स्टेशनवर उभे राहा. २०१५ पासून ऑकलंडच्या विजेच्या गाड्या इथवर येत होत्या आणि पुढे पुकेकोहेला डिझेल गाडी बदलून जावं लागे. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तो सुमारे १९ किलोमीटरचा मार्ग कामासाठी बंद झाला आणि ३ फेब्रुवारी २०२५ ला विजेची गाडी थेट पुकेकोहेपर्यंत धावू लागली. आता दुसरी तारीख पाहा. मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला ही भारतातली पहिली विजेची गाडी धावली ३ फेब्रुवारी १९२५ ला. बरोबर शंभर वर्षं. ती १५०० व्होल्ट डीसीवर चालायची, मोटारींना ब्रश होते. म्हणजे पाठातल्या मोटरची दणकट थोरली बहीण. पापाकुऱ्याची गाडी २५ हजार व्होल्ट एसी घेते, डब्यातली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा त्यातून तीन फेजची वीज घडवते आणि मोटारी चालतात त्या पंख्याच्याच जातकुळीच्या, प्रवर्तनावर. ब्रेक लागला की त्याच मोटारी जनित्र होतात आणि वीज तारेत परत पाठवतात. मुंबईच्या नव्या लोकलही हेच करतात. तेव्हा हा देश-परदेशाचा प्रश्न नाही. पाठ १९२५ च्या कुर्ल्याला थांबला आहे आणि लोकल कधीच पुढे गेली आहे.

‘दहावीच्या मुलाला तीन फेज कशाला?’ असं तुम्ही म्हणाल, आणि ते रास्तच आहे. ब्रशवाली मोटर काढून टाका असं माझं म्हणणं नाही. समजायला तीच सर्वांत सोपी. यादीत फक्त खरं लिहावं, आणि जनित्राच्या शेवटी एक वाक्य घालावं: हीच मोटर बाहेरून फिरवली तर वीज देते. पापाकुऱ्यात तर याचा पुरावा गॅरेजमध्ये सापडू शकतो. फिशर अँड पायकेलच्या १९९१ पासूनच्या ‘स्मार्ट ड्राइव्ह’ वॉशिंग मशीनमध्ये स्थिर गुंडाळ्यांभोवती कायम चुंबकांचं कडं फिरतं. ब्रश नाही, पट्टा नाही. मोडीत निघालेल्या अशा मोटारी इथले हौशी लोक पवनचक्कीला आणि छोट्या जलविद्युत चक्कीला जोडतात. मशीनमधून सुटी काढलेली अशी मोटर मिळाली तर हातानं फिरवून पाहा. मग तिच्या तिन्ही तारा एकमेकींना जोडून पुन्हा फिरवा. ती लगेच जड लागेल. धारेला वाट मिळाली, आणि ती धारा आता तुमच्या हाताला विरोध करते आहे. मात्र तारा मोकळ्या असताना वेगात फिरवू नका, विभवांतर धोकादायक होऊ शकतं.

एवढी चिकित्सा एका पाठासाठी का? कारण तुमचं मूल मराठी पाठ वाचतं आणि मग घरातली, स्टेशनावरची यंत्रं पाहतं. दोन्ही जुळली नाहीत, तर ते पाठाला दोष देत नाही. मराठी ही जुन्या वस्तूंची भाषा आहे, असं ते मनाशी ठरवून टाकतं. ‘विभवांतर’ आणि ‘नालकुंतल’ असे शब्द घडवणाऱ्या भाषेवर हा अन्याय आहे. पाठ जरूर वाचून घ्या, पण मोटरच्या आकृतीपाशी थांबा आणि मुलाला विचारा: ही आपण फिरवली तर काय होईल?