'चिथावणीखोर' कोणाला म्हणायचे?

दंगलीच्या बातमीत एक शब्द हटकून भेटतो : चिथावणीखोर. कोणीतरी चिथावले, लोक भडकले, शांतता भंगली. यातला 'खोर' हा फारसीतून आलेला प्रत्यय. मूळ अर्थ खाणारा. मराठीत तो अंगी मुरलेल्या खोडीचा वाचक झाला. लाचखोर, भांडखोर, चहाडखोर यांच्या पंगतीत एखाद्याला बसवले की तो काय सांगतो आहे हे ऐकण्याची जबाबदारीच संपते. पण या शब्दात दडलेले दुसरे गृहीत मला अधिक अपमानकारक वाटते. ज्यांना चिथावले त्यांना म्हणे स्वतःचे दुःख नव्हते, स्वतःचे डोकेही नव्हते. गावकुसाबाहेर ते सुखात होते. शहरातून कोणी आला आणि त्याने त्यांना नासवले. गावकीची ही जुनी तक्रार आहे.

महाडचे उदाहरण घ्या. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला होता. महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला होता. म्हणजे २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर जे लोक तळ्यावर गेले, ते कागदावर मिळालेला हक्क पाण्यात उतरवायला गेले. पाणी पिऊन ते परतले. त्यानंतर गावात आवई उठवली गेली की हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार. तेवढ्यावर जमाव लाठ्या घेऊन निघाला आणि परिषदेच्या लोकांना त्याने झोडपले. मार खाल्लेल्यांची संख्या लहान नव्हती. उलट वार करण्याची ताकद त्यांच्यात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. आता शब्दकोश उघडा आणि सांगा, त्या दिवशी चिथावणी कोणी दिली? आवई उठवणाऱ्यांना मराठी इतिहासलेखनाने 'सनातनी' म्हटले, 'स्पृश्य समाज' म्हटले. चिथावणीखोर मात्र क्वचितच म्हटले. हा शब्द एकाच बाजूला चिकटतो. ज्याच्या हाती व्यवस्था आहे त्याची चिथावणी ही परंपरा ठरते, भावना ठरते. फार तर उद्रेक ठरते.

साहित्यातही हेच घडले. १५ ऑगस्ट १९७२ च्या 'साधने'त राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. दलित स्त्रीच्या विटंबनेला कायद्याने किती दंड आणि राष्ट्रध्वजाच्या अपमानाला किती, ही तुलना त्यात होती. महाराष्ट्र खवळला तो लेखातल्या शब्दांवर. त्या स्त्रीच्या अंगावरचे वस्त्र ओढले गेले तेव्हा एवढा गदारोळ झाला नव्हता. दलित कवितेला 'प्रचारकी', 'आक्रस्ताळी' म्हणणारी समीक्षाही याच कुळातली. फक्त तिची बैठक दिवाणखान्यातली होती.

पण दोष सगळा परक्यांच्या माथी मारून भागणार नाही. १९४२ साली नागपूरच्या परिषदेत बाबासाहेबांनी शेवटचा सल्ला म्हणून तीन इंग्रजी शब्द दिले : एज्युकेट, अ‍ॅजिटेट, ऑर्गनाइझ. आपल्या भिंतींवर आणि कॅलेंडरांवर आज काय आहे? 'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा.' मधला शब्द शेवटी गेला आणि वाटेत बदललाही. अ‍ॅजिटेट म्हणजे हलवणे, ढवळणे. एखादा प्रश्न मनात घोळवत ठेवणे, त्याची चर्चा पेटती ठेवणे हाही त्याचा अर्थ. ती क्रिया आधी डोक्यात घडते, म्हणून ती संघटनेच्या आधी येते. संघर्षाला समोर शत्रू लागतो. अ‍ॅजिटेटला प्रथम स्वतःचीच झोप मोडावी लागते. आधी न ढवळलेली माणसे संघटित झाली म्हणजे पुढाऱ्यामागे उभी राहणारी रांग तयार होते, आणि रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीचा इतिहास ज्याला ठाऊक आहे त्याला हे फोड करून सांगायला नको.

काहींनी 'शिकवा, चेतवा, संघटित करा' असे भाषांतर केले आहे. मला ते अधिक प्रामाणिक वाटते. चूल चेतवतात ती तिच्यातल्याच लाकडावर. विस्तव बाहेरून आणला तरी जळते ते आतले. 'चेतवा' हा शब्द घोषणेला बोजड जातो, असा आक्षेप मी ऐकला आहे. असेल. पण तो आपण टाळला त्यामागे बोजडपणापेक्षा, कोणी आपल्याला चिथावणीखोर म्हणेल ही धास्ती अधिक असावी, असा माझा संशय आहे.