मेजर कँडीचा पूर्णविराम आणि आपली बोली

मागच्या बैठकीत एका मित्राने कविता वाचली. कागदावर एकही विरामचिन्ह नव्हतं. विचारलं तर म्हणाला, ‘पूर्णविराम गोऱ्या साहेबाचा, शुद्धलेखन शास्त्र्या-पंडितांचं. आपण का पाळायचं?’ टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. पण घरी आल्यावर टोचत राहिलं, म्हणून हे लिहितोय.

साहेब म्हणजे मेजर थॉमस कँडी. पुण्याच्या संस्कृत पाठशाळेचा प्रमुख, पुढे सरकारचा मराठी भाषांतरकार. मोल्सवर्थच्या १८३१ च्या कोशाला त्याने हातभार लावला, १८४७ ला इंग्रजी-मराठी कोश पुरा केला, शाळेची पुस्तकं तपासली आणि १८५० ला विरामचिन्हांवर पुस्तिका काढली. त्याआधी वाक्य कुठं संपलं ते वाचणाऱ्यानेच ओळखायचं. मोडीत तर शब्दही सुटे लिहीत नसत. म्हणजे वाचन हे पिढ्यान्‌पिढ्या लेखणी हातात असणाऱ्यांचंच काम. नव्याने अक्षर गिरवणाऱ्याला पूर्णविरामाचा आधार झाला. कँडीचं हे देणं मी नाकारत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. हे कोश शास्त्र्यांना हाताशी धरून झाले. पुण्याच्या शिष्टांची मराठी ‘शुद्ध’ ठरली आणि तीच क्रमिक पुस्तकांत गेली. ज्यांना शाळेची पायरी चढू देत नव्हते त्यांची बोली आपोआप अशुद्ध! पुढे जोतिरावांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) लिहिली, तर चिपळूणकर ‘निबंधमाले’त त्यांच्या व्याकरणाच्या चुका काढत बसले. प्रश्न गुलामीचा, उत्तर ऱ्हस्व-दीर्घाचं.

पण १८५५ साल बघा. जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. ‘ज्ञानोदया’त मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहून तिने धर्मालाच जाब विचारला. लेखणी हातात आल्यावर तिने ती टाकली नाही, चालवली.

गिरणीत धागा तुटला की साचा थांबवावा लागतो, नाहीतर कापड बिघडतं. पूर्णविरामाचं काम तेवढंच. तो कुणाच्या बापाची इस्टेट नाही.

तेव्हा मित्रा, बोली सोडू नको. आईचा शब्द शुद्ध करून तिलाच परका करू नको. पण वस्तीत नुकतं वाचायला शिकलेल्या माणसाला तुझी कविता अडत असेल, तर त्याच्यासाठी थांबे दे. आणि आपल्या संपादकांनो, तुम्हीही ऐका. चिन्हं खुशाल घाला, बोलीला मात्र हात लावू नका.